नव्वदच्या आतले बाबा

“तीन महिन्यांपूर्वी ह्या घरात माझा नवरा राहत होता,” आई म्हणाली. “आता सासरा राहतोय. आणि हे सगळं तू केलंस.”

मी म्हटलं, “मी फक्त वजन कमी केलं. वय मी वाढवलंय का?”

“मग कोणी, मी?”

“त्यांचं त्यांनीच वाढवलंय. रोज एकेक दिवस. सगळेच वाढवतात.”

हे बोलायला नको होतं, कारण आईच्या हातात ओला टॉवेल होता. बाबा आमच्या दोघांच्या मधे खुर्चीत बसले होते. भांडण आपल्यावरून चाललंय हे जणू त्यांच्या गावीही नव्हतं. ते एवढंच म्हणाले, “चहात साखर घातली तर आता चालेल का?”

आई “हो” म्हणाली, मी “नाही” म्हणालो, एकाच वेळी. बाबांनी कप तसाच खाली ठेवला.

आता हे प्रकरण कसं पेटलं ते सांगतो, कारण आमच्या इमारतीत जो तो आपापलं सांगत सुटलाय आणि सगळ्यांच्या सांगण्यात मी मूर्ख ठरतोय.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक आहेत. लिफ्ट अडकली की आतली माणसं सगळी बटणं दाबतात, मग घाम पुसतात, मग एकमेकांना नावं ठेवतात. त्या वेळी लिफ्टच्या डोक्यावर, काळोखात, बॅटरी दातात धरून जो माणूस उभा असतो तो माझा बाप. सव्वीस वर्षं हेच. कोणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी त्यांच्या लिफ्टचा आवाज ऐकतात, मग त्यांचा.

तर कंपनीत नवा साहेब आला. नव्या साहेबाला काहीतरी वाचायची सवय असते. ह्याने सेफ्टीचा पट्टा वाचला. जो पट्टा कमरेला बांधून बाबा वर चढतात, त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, नव्वद किलोपर्यंत. झालं. नियम निघाला की नव्वदच्या वर भरेल त्याने लिफ्टवर चढायचं नाही, त्याला स्टोअरमध्ये बसवणार. तपासणी तीन महिन्यांनी.

स्टोअर म्हणजे नटबोल्टची खोली. तिथे बसवलेला माणूस वर्षाच्या आत घरी बसतो. मागच्या साहेबाने तिघांना बसवलं होतं, आता तिथे नुसत्या तीन खुर्च्या आहेत. बाबा त्या दिवशी घरी आले आणि जेवले नाहीत. म्हणजे तसं म्हटलं तर वजन कमी करायला त्यांनी माझ्या आधीच सुरुवात केली होती.

मी म्हटलं, “माझ्यावर सोडा.”

घरात एकदम शांतता पसरली. दहावीच्या आधी मी शाळा सोडली, तेव्हापासून मी काहीही हातात घेतो म्हटलं की ही शांतता पसरते. मला तिचा भयंकर राग येतो. बोला ना काय ते. आईने नुसतं वरच्या पंख्याकडे बघितलं. तेवढ्यावर मी ठरवलं की आता बाबांना बारीक करूनच दाखवीन.

पहिलं काम वजन करायचं. औषधवाल्याच्या दुकानात काटा आहे, पण तो रस्त्यावर ठेवलेला. बाबा एकदा त्यावर उभे राहिले तर मागे दोन माणसं आकडा वाचायला थांबली आणि त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, “मी हरलो.” तेव्हापासून बाबा त्या फुटपाथने जात नाहीत. पण मी बटाट्याच्या गोदामात काम करतो. तिथे गोण्या तोलायचा मोठा काटा आहे, जमिनीला लागून लोखंडी पत्रा आणि वर काचेत लाल आकडे. रविवारी गोदाम बंद आणि किल्ली माझ्याकडे. बघायला कोणी नाही. एवढा दांडगा काटा, ज्यावर दिवसाला शंभर गोण्या आपटतात, तो बाबांच्या बाबतीत काय खोटं बोलणार?

आकडा आला नव्व्याण्णव.

बाबा उतरून परत चढले, आकडा तोच. म्हणाले, “पण माझी पँट तर सैल आहे.”

मी म्हटलं, “पँटवर विश्वास ठेवू नका.”

मग मी सुरू केलं. भात बंद. साखर बंद. बटाटा घरात आणायचाच नाही, आणि हे मी, बटाट्याच्या गोदामातला माणूस, सांगत होतो. तसं बघायला गेलं तर हा माझा त्याग होता, पण तो कोणी मोजला नाही. संध्याकाळी उकडलेल्या भाज्या आणि काकडी. आणि लिफ्ट बंद, कामावरसुद्धा जिना.

जिन्याचं मात्र अंगाशी आलं. बाबा एका इमारतीत सहाव्या मजल्यावर लिफ्ट नीट करून आले आणि माझ्या सांगण्याप्रमाणे जिन्याने खाली उतरले. तिथल्या एका बाईंनी लगेच कंपनीत फोन केला. तुमचा मेकॅनिक लिफ्ट दुरुस्त करून स्वतः जिन्याने गेला, म्हणजे आत नक्की काहीतरी राहिलंय. त्या इमारतीतला एकही माणूस चार दिवस लिफ्टमध्ये बसला नाही. बाबांना परत जाऊन सगळ्यांसमोर अकरा वेळा वरखाली करून दाखवावं लागलं. साहेबाने लेखी खुलासा मागितला. बाबांनी लिहिलं, ‘मुलाने सांगितले होते.’

त्यात शेजारी. खालच्या मजल्यावर एक पेन्शनरकाका राहतात, तीस वर्षं सरकारी कचेरीत होते, आता आमच्या दारात असतात. त्यांनी सांगितलं, जेवणाआधी ग्लासभर पाणी प्यायला हवं. दोन दिवसांनी सांगितलं, जेवणाआधी पाणी म्हणजे विष. मी म्हटलं, “काका, परवा तर तुम्हीच सांगितलंत.” ते म्हणाले, “परवाची परिस्थिती वेगळी होती.” बाजूच्या खोलीत टेलरकाका. दर तीन आठवड्यांनी ते बाबांच्या पँटी आत घ्यायचे आणि दर वेळी टेप गळ्यात टाकून लांबून बघत म्हणायचे, “कंबर छान उतरतेय. बाकी मी काही बोलत नाही.”

ते काय बोलत नव्हते ते मला दोन महिन्यांनी कळलं.

माझी समजूत होती की वजन जातं ते पोटावरून जातं. बाबांचं निघालं चेहऱ्यावरून. आधी गाल गेले. मग हनुवटीखालचं गेलं, पण त्याची पिशवी तिथेच राहिली. डोळे आत गेले, कान बाहेर आले. गालांनी इतकी वर्षं काय काय तोलून धरलं होतं ते गाल गेल्यावर समजलं. कपाळापासून सगळंच जरा जरा खाली सरकलं. टेलरकाका शेवटी बोललेच, “कापड तेवढंच आणि आतला माणूस कमी. कोटाला असं झालं असतं तर मी दोन्ही कानांमागे टाका घातला असता.”

कंबर थोडी उतरली, पण पँटच्या वरचं पोट होतं तिथेच होतं. त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं.

बाबा एकोणपन्नास वर्षांचे आहेत. एक दिवस आम्ही बसने चाललो होतो तर माझ्याच वयाची एक पोरगी उठली आणि म्हणाली, “बसा आजोबा.” मी तडकलो. म्हटलं, “आजोबा कोणाला म्हणतेस?” ती मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, “का, तुला बसायचंय का?” सगळी बस हसली. मी तिला चांगलं सुनावणार होतो, पण वळून बघतो तर बाबा बसले होते. आरामात, मांडीवर पिशवी घेऊन. मला पोरीपेक्षा ते जास्त लागलं.

इमारतीत तर लोक आमच्याकडे हळू आवाजात बोलायला लागले. कोणी फळं आणून ठेवली. पेन्शनरकाकांनी मला जिन्यात गाठलं आणि खांद्यावर हात ठेवून विचारलं, “रिपोर्टात काय आलं?”

“कसला रिपोर्ट?”

“असू दे,” ते म्हणाले, “तुला सांगितलं नसेल. लहान आहेस.”

पण आकडा उतरत होता. तीन महिन्यांत काट्यावर पंच्याऐंशी. नव्वदला पाच कमी, उगाच कटकट नको म्हणून. मी इतका खूश होतो की तपासणीला मीच बाबांना घेऊन गेलो.

कंपनीच्या कचेरीत एक बाई बसतात, ओळखपत्र तपासायला. त्यांच्या पुढे गेल्याशिवाय डॉक्टरकडे सोडत नाहीत. बाईंनी बाबांचं कार्ड घेतलं. पाच वर्षांपूर्वीचा फोटो, त्यात बाबा गोल, तुकतुकीत, शर्टाचं वरचं बटण ताणलेलं. बाईंनी फोटो बघितला, बाबांना बघितलं, मग मला विचारलं, “आणि ते स्वतः का नाही आले?”

मी म्हटलं, “हेच ते.”

“हे मोठे भाऊ दिसतायत.”

“मला भाऊ नाही,” बाबा म्हणाले.

“सगळे असंच म्हणतात,” बाई म्हणाल्या. मग कळलं की वजनाचा नियम निघाल्यापासून जाडे मेकॅनिक आपल्या जागी बारीक माणसं पाठवत होते. आदल्याच आठवड्यात एकाने मेव्हणा पाठवला होता आणि मेव्हण्याने घाईत स्वतःचीच सही ठोकली होती. बाई म्हणाल्या, “पण निदान जुळत्या वयाचा तरी माणूस आणावा. हे तर साठीच्या पुढचे आहेत.”

मी बोलायला तोंड उघडलं. बाबांनी माझा पाय दाबला. सही करून दाखवली, तर बाई म्हणाल्या सही कोणीही गिरवतं. बरोबरच्या मेकॅनिकांना बोलावतो म्हटलं, तर म्हणाल्या ते सगळे एकमेकांना सांभाळून घेतात. शेवटी ठरलं ते असं की आठ दिवसांत दोन बाहेरच्या माणसांची पत्रं आणायची, दहा वर्षं ओळखणाऱ्यांची, नात्यातली नकोत. तोवर लिफ्टवर चढायचं नाही. स्टोअरमध्ये बसायचं.

बाबा त्या तीन खुर्च्यांपैकी मधल्या खुर्चीत जाऊन बसले. मी दारातून बघितलं. काय सांगू, नटबोल्टच्या त्या खोलीत ते खरंच साठीचे दिसत होते. आणि मला पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस आता इथेच राहिला तर ते माझ्यामुळे.

पत्रांसाठी मी शेजाऱ्यांकडे गेलो. टेलरकाका वीस वर्षं आमचे कपडे शिवतात. त्यांनी पेन हातात घेतलं आणि ठेवलं. “खोटं कसं लिहू? मी माणसाला खांद्यापासून खाली ओळखतो. आणि खांद्यापासून खाली सगळं मीच बदललंय.” तरी त्यांनी लिहिलं, पण फक्त पायांच्या लांबीबद्दल. पेन्शनरकाकांनी मात्र पानभर लिहिलं, समास सोडून, तारीख घालून, आणि शेवटी, ‘सदर इसम हा तोच असावा, असे प्रथमदर्शनी वाटते.’ मी म्हटलं, “काका, तुम्ही रोज त्यांच्याशी बोलता. वाटते काय?” ते म्हणाले, “तीस वर्षांत मी कशाचीही खात्री दिलेली नाही. म्हणून पेन्शन मिळतेय.”

बाईंनी दोन्ही पत्रं परत केली.

आणि मग घरी ते भांडण, सासऱ्याचं. आईचं म्हणणं, त्यांना खायला घाल आणि चेहरा परत आण. माझं म्हणणं, चेहऱ्याबरोबर किलोही परत येतील, मग ओळख पटेल आणि नोकरी जाईल. ती ताटात भात वाढायची, मी अर्धा काढायचो, ती मी काढलेला परत वाढायची. बाबा ताट हलायचं थांबेपर्यंत वाट बघायचे आणि जे उरेल ते खायचे. शेवटी सहा दिवसांत काटा सत्त्याऐंशीवर आला आणि ते दोन्ही किलो गेले पोटावर. गालाकडे एक ग्रॅम फिरकला नाही. टेलरकाकांनी कंबर परत उसवली. म्हणाले, “कापडालाही काही इज्जत असते.”

मग आईने बाबांचे केस काळे केले. त्याने आणखीनच वाटोळं झालं. आधी बाबा म्हातारे दिसत होते, आता म्हातारपण लपवणारे म्हातारे दिसायला लागले. कपाळावरही थोडा काळा पट्टा राहिला होता, तो साबणाने जाईना.

आठव्या दिवशी आई म्हणाली, मी येते. मी म्हटलं, नात्यातल्यांचं चालत नाही. ती म्हणाली, “मला चालवून घ्यायला मी काही पत्र नाही.” आणि पर्स घेऊन आमच्या पुढे चालायला लागली.

बाईंनी बाबांचे केस बघितले आणि त्यांचा संशय आणखी पक्का झाला. आई म्हणाली, “हे माझे मिस्टर आहेत.”

“तुम्ही नात्यातल्या. तुमची साक्ष चालत नाही.”

“मग कोणाची चालते? चोवीस वर्षं ह्यांच्याशी भांडतेय मी. एवढं ह्यांना कोण ओळखतं? झोपेत ओरडले तरी कुठल्या इमारतीची लिफ्ट आहे ते सांगते.”

बाई म्हणाल्या, “अहो, फोटो जुळत नाही त्याला मी काय करू?”

“जाडेपणीचा फोटो कशाला धरून बसलात? कामाला लागले तेव्हाचा काढा ना. तुमच्याकडेच असेल. तेव्हा काडीसारखे होते.”

हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. बाईंनी कपाट उघडलं, खुर्चीवर चढून सगळ्यात वरचा गठ्ठा काढला, धूळ उडाली, चौघेही शिंकलो. फाइल निघाली. पहिल्या पानावर तेवीस वर्षांचा एक बारीक पोरगा. गाल बसलेले, कान बाहेर, डोळे आत. बाईंनी फोटो बाबांच्या तोंडाशेजारी धरला. सुरकुत्या सोडल्या तर तोच माणूस. कानांची तर शंकाच नव्हती.

“हे आधी का नाही सांगितलं?” बाई माझ्यावर खेकसल्या. मी तेव्हा जन्मलो होतो का?

आई त्या फोटोकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “असेच आले होते मला बघायला. मी म्हटलं होतं, ह्याला घरी खायला देत नाहीत की काय.” आणि पदराने बाबांच्या कपाळावरचा काळा डाग पुसायला लागली, त्या बाईंसमोर. बाबा मान वाकवून पुसून घेत होते. मी दुसरीकडे बघितलं.

बाईंनी तिथल्या तिथे बाबांचा नवा फोटो काढला आणि नवं कार्ड दिलं. म्हणाल्या, “हे पाच वर्षं चालेल. पण चेहरा हाच ठेवायचा. पुन्हा फुगलात तर पुन्हा साक्षीदार.” म्हणजे बघा, माझा बाप आता सरकारमान्य म्हातारा.

मग डॉक्टर. बाबा काट्यावर उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, “अठ्ठ्याहत्तर.”

मी म्हटलं, “सत्त्याऐंशी.”

“अठ्ठ्याहत्तर,” डॉक्टर परत म्हणाले. “ह्यावर तपासणीचा शिक्का आहे, वाचता येतो ना?”

“कालच मी मोजलंय. सत्त्याऐंशी होते.”

“कुठे मोजलंस?”

मी गोदामाचं नाव सांगितलं आणि सांगता सांगताच माझे कान तापले. कारण आमच्याकडून गोण्या जातात त्या त्याच काट्यावर तोलून जातात. ज्याला माल विकायचा त्याचा काटा कुठल्या बाजूला झुकतो, हे रोज त्या काट्याशेजारी उभा राहणाऱ्या माझ्यासारख्या हुशार माणसाला कळायला नको?

बाबा अजून काट्यावरच उभे होते. लिफ्ट वर जाते तेव्हा पलीकडून लोखंडाचं वजन खाली येतं, त्याचा हिशोब बाबा सव्वीस वर्षं मनात करतात. त्यांना कागद लागला नाही. म्हणाले, “म्हणजे पहिल्या दिवशी मी एकोणनव्वद होतो.”

डॉक्टर शिक्का शाईत दाबत होते.

“म्हणजे मी तसाच आलो असतो तरी पास होतो,” बाबा म्हणाले. “जेवून.”

डॉक्टरांनी कागदावर शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली. आई माझ्याकडे बघत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पुन्हा तीच शांतता.

तिथून मी तडक गोदामात गेलो. मालकाला म्हटलं, “तुमच्या काट्याने माझ्या बापाला म्हातारं केलं.”

मालक आधी घाबरला, त्याला वाटलं काटा कोणाच्या अंगावर पडला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, “काटा बटाट्यांचा आहे. त्यावर बापाला चढव असं तुला कोणी सांगितलं होतं? रविवारी? माझ्या किल्लीने?”

“बटाट्यांनाही तो तेवढंच खोटं सांगतो ना?”

“बटाट्यांनी आजवर तक्रार केलेली नाही,” मालक म्हणाला आणि हात पुढे करून किल्ली काढून घेतली. माझं काम गेलं. चोर तो, आणि कामावरून मी गेलो.

म्हणून मी वजनमापाच्या कचेरीत गेलो. तिथला निरीक्षक म्हणाला, काटा तपासायला प्रमाणित वजनं लागतात आणि ती सध्या दौऱ्यावर आहेत, पुढच्या महिन्यात ये. मी डॉक्टरांचा कागद त्याच्या पुढे ठेवला. अठ्ठ्याहत्तर किलो, शिक्का, सही, तारीख आजची. त्याने चष्मा लावून दोनदा वाचला.

“हे वजन आता कुठे आहे?”

“घरी. पेपर वाचतंय.”

तो जरा विचार करून म्हणाला, “उद्या चार वाजता गोदामावर घेऊन ये. पण कागदावर जेवढं आहे तेवढंच पाहिजे. इकडचं तिकडे झालं तर मी हात लावणार नाही.”

घरी येऊन सांगितलं. मला वाटलं बाबा आता खरंच मारतील. त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, “तोच काटा लोकांच्या घरी माल पाठवतो ना? चल, येतो.” बाबा आज सकाळी लिफ्टवर होते, पट्टा बांधून, अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आत्ताच आलेत. मी काल रात्रीपासून त्यांना मोजून पाणी देतोय. पण आईने अट घातली आहे की आता ह्या घरात कोणी कोणाचं वजन करायचं नाही, आणि बाबांच्या पुढे भाताचं ताट ठेवलंय, डोंगराएवढं. मी काढायला गेलो तर हातावर पळी बसली.

सव्वातीन झालेत. तिकडे मालक काटा दुरुस्त करून घेत असेल आणि इकडे माझं प्रमाणित वजन दुसऱ्यांदा भात मागतंय. निघतो मी, नाहीतर ताटच उचलून बसमध्ये न्यावं लागेल.